आधी करंगळीखालच्या चाव्या मोजा: क्लॅरिनेटची पद्धत कशी ओळखायची

माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मुलीने पहिल्याच दिवशी सांगितलं, "सर, माझी करंगळी आखूड आहे." पुस्तकातला फिंगरिंगचा (कोणता स्वर कोणत्या बोटांनी, याचा) तक्ता समोर ठेवून ती तीन आठवडे एकटीच झटत होती. तक्ता म्हणायचा, सी हा पाश्चात्त्य स्वर डाव्या करंगळीने घ्या. तिला ती चावी सापडेना, कारण तिच्या जुन्या वाद्यावर ती नव्हतीच. क्लॅरिनेटवर चाव्या मांडण्याच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत; तिचं वाद्य आल्बर्ट पद्धतीचं होतं आणि तक्ता बोएम पद्धतीचा. करंगळी अगदी व्यवस्थित होती. तेव्हापासून कुणी नवं वाद्य घेऊन आलं की मी आधी चाव्या मोजायला लावतो, फुंकायचं नंतर.

इतक्या चाव्या लागतात कशाला? बासरीत फुंकीचा जोर वाढवला की त्याच बोटांवर सा चा वरचा सा मिळतो. क्लॅरिनेटमध्ये डाव्या अंगठ्याची रजिस्टर चावी उघडली की सा च्या जागी थेट वरच्या सप्तकातला पंचम येतो. खालचा एफ ज्या बोटांनी वाजतो, त्याच बोटांनी वरचा सी. म्हणजे स्वर पुन्हा पहिल्या बोटांवर येईपर्यंत मधे 19 अर्धस्वरांचं अंतर भरून काढायचं असतं. उजवा अंगठा वाद्य तोलण्यात अडकलेला, हाताशी उरली नऊ बोटं. हे कोडं वेगवेगळ्या कारागिरांनी वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवलं, आणि त्यातूनच या पद्धती आल्या.

इवान म्यूलरने 1812 मध्ये पॅरिसमध्ये 13 चाव्यांचं क्लॅरिनेट पुढे आणलं. त्याच घराण्यातून पुढे ब्रुसेल्सच्या यूजीन आल्बर्टची पद्धत आली आणि जर्मनीत कार्ल बेअरमन व ओस्कार ओएलर यांची. दुसरी वाट पॅरिसमधल्याच वादक क्लोझे आणि कारागीर ब्यूफे या जोडीची. 1839 ते 1843 च्या दरम्यान त्यांनी बासरी घडवणाऱ्या थिओबाल्ड बोएमची, भोकांभोवती बसवलेल्या कड्यांची कल्पना क्लॅरिनेटवर आणली. नाव बोएमचं लागलं, पण हे क्लॅरिनेट त्याने घडवलेलं नाही.

आता वाद्य हातात घ्या. उजव्या करंगळीखाली चार चाव्या, डाव्या करंगळीखाली तीन (काही वाद्यांवर चार), उजव्या हाताच्या तिन्ही भोकांभोवती कड्या, डाव्या अंगठ्याच्या भोकालाही कडी आणि उजव्या तर्जनीसाठी बाजूला चार लांब चाव्या असतील, तर ते बोएम. 17 चाव्या आणि 6 कड्या हा त्याचा नेहमीचा साज. उजव्या करंगळीखाली दोनच चाव्या, त्यांच्या सांध्यावर छोटे फिरते रूळ आणि उजव्या हाताला दोनच कड्या दिसल्या तर बहुधा आल्बर्ट. करंगळीला रूळ आहेत, पण एकूण यंत्रणा बरीच गच्च आणि चाव्या भरपूर, असं दिसलं तर ओएलरची शक्यता धरा.

खरा फरक करंगळ्यांतच कळतो. वरचा सी आणि लगेच ई फ्लॅट वाजवून पाहा. नेहमीच्या बोएमवर ई फ्लॅट फक्त उजव्या करंगळीला आहे, पण सी दोन्हीकडे आहे. म्हणून सी डावीकडून घ्यायचा आणि उजवी करंगळी ई फ्लॅटसाठी मोकळी ठेवायची. सी च्या आधी बी असेल तर तो उजवीकडून: बी उजवी, सी डावी, ई फ्लॅट उजवी. पुढचा स्वर कोणता हे आधीच बघून हात ठरवावा लागतो. मी विद्यार्थ्यांच्या स्वरलिपीत अशा जागी पेन्सिलीने 'डा' आणि 'उ' लिहून देतो. ही सवय सुरुवातीलाच लावा, नंतर ती फार जड जाते.

आल्बर्टवर सी आणि ई फ्लॅट दोन्ही उजव्या करंगळीचेच. तिथे बोट न उचलता एका चावीवरून दुसरीवर घसरवायचं. रूळ त्यासाठीच असतात. डावीकडे बी आणि सी शार्पचं तसंच. रूळ अडकत असेल तर त्याच्या दांड्याला की-ऑइलचा अगदी छोटा थेंब द्या. बोट सरळ ताठ ठेवलं तर घसरत नाही, थोडं वाकवून पेराच्या मांसल भागाने ढकला.

मग चांगली पद्धत कोणती? शिकायला नुकती सुरुवात करणाऱ्याला मी बोएमच सांगतो. पुस्तकं, शिक्षक, दुरुस्ती करणारे, सगळं त्याच पद्धतीचं सहज मिळतं. पण आल्बर्टला कमी लेखलेलं मला आवडत नाही. न्यू ऑर्लिन्सच्या जॅझमध्ये जॉनी डॉड्स आणि सिडनी बेशे यांनी तीच वाजवली, आणि तुर्की लोकसंगीतातल्या 'जी' (G) स्वराच्या क्लॅरिनेटवर ती आजही आहे. जर्मनी-ऑस्ट्रियाच्या वाद्यवृंदांत जर्मन घराण्याची वाद्यं चालतात. त्यांच्या स्वराचा पोत वेगळा लागतो तो मुख्यतः नळीचा पोकळ भाग, माउथपीस आणि त्यावरची रीड (कंप पावणारी पातळ पट्टी) यांमुळे. चाव्यांची पद्धत बदलली म्हणून हा पोत बदलत नाही. जर्मन नळीवर बोएमच्या चाव्या बसवलेलं 'रिफॉर्म बोएम' त्यासाठीच तर आहे.

त्या मुलीला मी आल्बर्टचा तक्ता दिला आणि फक्त सी–ई फ्लॅट, सी–ई फ्लॅट असं सावकाश घोळवायला सांगितलं. पंधरा मिनिटांनी रूळ फिरल्याचा बारीक आवाज येऊ लागला, आणि दोन स्वरांमधली फट बुजली.