अरण्यात दडलेल्या ड्रुइडांची वस्ती रचण्यापूर्वीची तयारी

काल्पनिक जगात अरण्यात दडून राहणाऱ्या ड्रुइडांची, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांची, वस्ती उभी करायची असेल, मग ती कादंबरीसाठी असो वा टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळासाठी, तर पांढरे झगे, दाढ्या आणि मंत्र यांची जमवाजमव सर्वांत शेवटी करावी. वहीच्या पहिल्या पानावर आधी एकाच प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवावे: ही माणसे लपून का राहतात? त्यांना एकांत आवडतो, हे उत्तर पुरणार नाही. रोमन सेनापती सीझरने वर्णिलेले गॉलमधले, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधले, ड्रुइड एकांतवासी मुळीच नव्हते. ते तंटे सोडवत, वारसा आणि हद्दीचे वाद निकालात काढत, दरवर्षी कार्न्यूटीस जमातीच्या मुलखात एकत्र जमत आणि त्यांना युद्ध व कर दोन्ही माफ होते. सुमारे शतकभराने लिहिणारा रोमन भूगोलकार पोम्पोनियस मेला मात्र ते गुहांत आणि आडबाजूच्या रानात गुपचूप शिकवतात असे सांगतो. मधल्या काळात रोमची सत्ता येऊन बसली होती. रोमन इतिहासकार टॅसिटसने मोना बेटावरच्या, म्हणजे वेल्सजवळच्या आजच्या अँगल्सीवरच्या, हल्ल्याचे वर्णन केले आहे. इसवी सन 60 किंवा 61 मध्ये रोमन सैन्य तिथे उतरले, हात उंचावून शाप देणारे ड्रुइड पाहून क्षणभर थिजले, आणि विजयानंतर तिथल्या पवित्र राया तोडण्यात आल्या. तेव्हा आपल्या जगातही कुऱ्हाड कोणी चालवली, त्याला किती पिढ्या झाल्या आणि वस्तीतल्या कोणत्या म्हातारीने ते डोळ्यांनी पाहिले आहे, हे ठरवून घ्यावे.

त्यानंतर मिठाची सोय लावावी. माझ्या पहिल्या वस्तीत मी चाळीस माणसे, तीन ओढे आणि एक पुराणवृक्ष एवढे ठरवून बसलो होतो. तिसऱ्या बैठकीत खेळणाऱ्या एका मुलीने वृद्ध गुरूला विचारले, “आजोबा, तुमच्या पेजेला मीठ आहे, ते आणता कुठून?” आणि मला उत्तर देता आले नाही. अरण्य फळे, कंद, मध, शिकार, लाकूड, औषध सगळे देते. मीठ आणि लोखंड सहसा देत नाही. कोकणातले मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढून वर जात असे, तशी एखादी वाट कितीही दडलेल्या वस्तीला लागतेच. ती वाट कोण चालतो, बदल्यात काय देतो, मीठ देणारा माणूस कोणाजवळ काय बोलू शकतो, हे लिहून ठेवले की अर्धी कथा तिथेच हाती येते. त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी आठवडाभर खेळ पुढे ढकलला आणि मिठाची वाट आखली. पुढचे सहा महिने आमचा खेळ त्याच वाटेवर चालला.

अन्नाबाबत थोडक्यात एवढे पाहावे की झाडे खरोखर वापरली जात आहेत. ओकची फळे टॅनिनमुळे कडू-तुरट असतात. आपल्याकडे कडूकंद उकडून वाहत्या पाण्यात ठेवतात, तशीच तीही कुटून पुन्हापुन्हा धुवावी लागतात, म्हणून वस्ती ओढ्याजवळ हवी. हेझल नावाचे झुडूप बुडापासून तोडले की नवे धुमारे फुटतात आणि सात-दहा वर्षांनी कुडाला, टोपल्यांना पुन्हा काठ्या मिळतात. झाडाला हातच न लावणारे वनवासी मला खोटे वाटतात. कोणत्या रानात तोडायचे आणि कोणत्या राईतली वाळकी काटकीही उचलायची नाही, याची हद्द ठरलेली असणे महत्त्वाचे, आणि देवराईच्या कडेला वाढलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. धूर कुठून दिसतो, हेही नकाशावर दाखवावे.

सर्वांत जास्त वेळ विद्येला द्यावा. सीझर म्हणतो की काही शिष्य वीस वर्षे शिकत असत आणि ही विद्या लिहून ठेवणे निषिद्ध मानले जाई, जरी इतर व्यवहारांत ते ग्रीक लिपी वापरत. त्याच्या अंदाजाने याची कारणे दोन: विद्या सर्वसामान्यांत पसरू नये, आणि अक्षरांवर विसंबून स्मरणशक्ती ढिली पडू नये. वेदपाठात पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी एकेक शब्द कसा बांधून ठेवला जातो हे ठाऊक असणाऱ्याने आपल्या ड्रुइडांसाठीही पाठांतराची अशी रीत योजावी: कोण कोणासमोर म्हणतो, चुकल्यास कुठून पुन्हा सुरू करायचे, रात्री घोकतात की चालता चालता. मग कठीण भाग येतो. पोथी नसलेल्या वस्तीत एक गुरू अकाली गेला तर काय हरवते, हे नेमके ठरवावे. तापावरच्या काढ्याचे शेवटचे कडवे कोणालाच आठवत नाही, एवढी एक गोष्ट साऱ्या वस्तीचे दुःख उभे करते.

कालगणनेसाठी फार धुंडाळावे लागत नाही. फ्रान्समधल्या कोलिन्यी येथे 1897 साली सापडलेल्या काशाच्या पत्र्यावर गॉल भाषेतले पाच वर्षांचे पंचांग आहे. त्यात 62 महिने, म्हणजे दोन अधिक मास, आणि प्रत्येक महिन्याचे दोन भाग आहेत. वेदांग ज्योतिषातले युगही पाच वर्षांचे आणि 62 चांद्रमासांचेच आहे, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिलो. रोमन लेखक प्लिनीच्या म्हणण्यानुसार ड्रुइडांचे महिने आणि वर्षे चंद्राच्या सहाव्या दिवशी सुरू होत. आपण त्याला सरळ शुद्ध षष्ठी म्हणू शकतो.

विधी एकच ठेवावा, पण हाताला लागेल असा. प्लिनी सांगतो तो बांडगुळाचा आहे. हिवाळ्यात ओकची पाने गळाली की उघड्या फांदीवर हिरवा गोल झुबका तेवढा उरतो. त्याचे पांढरे फळ चिमटीत दाबले तर चिकट तार निघते आणि बी बोटाला चिकटून राहते. पांढऱ्या वस्त्रातला ड्रुइड झाडावर चढून सोन्याच्या विळ्याने ते कापतो, खाली पांढऱ्या कापडात झेलतात आणि दोन पांढरे बैल बळी देतात. ओकवर बांडगूळ क्वचितच आढळते, म्हणून त्याचे मोल. मराठीत बांडगूळ म्हणजे परपोषी माणसाला दिलेली शिवी. त्यांच्याकडे त्याच झुडपाला ‘सर्व बरे करणारे’ म्हणत. हा विरोध मराठी लेखकाने वाया घालवू नये. सोने मात्र मऊ असते, त्याने देठ कापला जाणार नाही. विळा काशाचा आणि वर सोन्याचा मुलामा, असे काही ठरवून ठेवावे.

शिक्षेची नोंद करायची राहून जाऊ देऊ नये. सीझरच्या ड्रुइडांकडे सर्वांत कठोर शिक्षा यज्ञातून वगळण्याची होती. अशा माणसाशी कोणी बोलत नसे, त्याला न्यायही मिळत नसे. दडलेल्या वस्तीत बहिष्कृत माणूस जाणार कुठे, आणि बाहेर गेला तर मिठाची वाट त्यालाही ठाऊक आहे, हे दोन मुद्दे शेजारी शेजारी लिहावेत आणि त्याचे नाव, वय व घरी मागे राहिलेले माणूस ठरवूनच पहिला प्रसंग लिहायला घ्यावा.