पॉकेटमनी २० तारखेलाच संपतो? मग हे करून बघा

घरून महिन्याला ४००० मिळतात असं धरू, तुमचा आकडा तुम्ही टाका. बजेट म्हटलं की आपण एक्सेल उघडतो, चार दिवस कटिंगसुद्धा लिहितो आणि मग विसरतो, मी तीनदा केलंय. त्यापेक्षा पैसे आले त्याच दिवशी वाटणी करून मोकळं व्हा.

आधी मुंबईच्या लोकलचा पास. कॉलेजच्या ऑफिसातून कन्सेशन फॉर्म घ्या आणि तीन महिन्यांचाच पास काढा, कारण त्याला २.७ महिन्यांचेच पैसे पडतात. एकदम द्यायला जड जातं म्हणून दर महिन्याला तिसरा हिस्सा बाजूला. आणि पास संपायच्या तारखेचा रिमाइंडर लावा हां, मी विसरलो, दादरला ब्रिजवर टीसीने धरलं, २५० दंड आणि वर भाडं, पुढचा अख्खा आठवडा घरचा डबा आणि पाणी. पास, रिचार्ज, झेरॉक्स मिळून १००० धरा.

उरले ३०००. ह्याचे चार नाही, पाच भाग करायचे. महिना कधी चार आठवड्यांत संपतो का? वरचे दोन-तीन दिवस असतात ना, तेच मारतात. म्हणजे आठवड्याला ६००, आणि पाचवे ६०० शेवटचे दिवस आणि कोणाचातरी बर्थडे.

आता खरी मेख. पैसे मोठ्या खर्चात जात नाहीत, वीस-तीस रुपयांच्या स्कॅनमध्ये जातात, वडापाव, मग कोल्ड्रिंक, मग पाऊस आला म्हणून रिक्षा. म्हणून दर सोमवारी यूपीआय लाइटमध्ये, म्हणजे यूपीआय ॲपमधल्याच छोट्या पाकिटात, ६०० टाका आणि आठवडाभर फक्त तिथूनच द्या. संपले की संपले. फक्त ऑटो टॉप-अप (पैसे संपत आले की आपोआप भरणं) बंद ठेवा नाहीतर सगळंच मुसळ केरात, आणि लाइटला पिन लागत नाही, तेव्हा फोनला लॉक हवाच.

स्टेशन ते कॉलेज एकटे असाल तर रिक्षा नको, मीटर २६ पासून सुरू होतं, बेस्टची साधी बस १० पासून. चौघं असाल तर गोष्ट वेगळी.

पुस्तकं आधी सीनियरकडे मागा, मग लायब्ररी, मग किंग्ज सर्कल नाहीतर फोर्टच्या फुटपाथवर, भाव करायला लाजू नका. नवीन सगळ्यात शेवटी.

कॉन्ट्री, म्हणजे एकत्र खर्चातला प्रत्येकाचा वाटा, तिथल्या तिथे घ्या. "उद्या देतो" वाला उद्या गायब असतो. आणि पाच मिनिटांत लोन देणारी ॲप्स? हातच लावू नका, त्यापेक्षा आईला सांगा, दोन शिव्या पडतील पण व्याज नाही.

पाचव्या भागातून काही उरलंच तर बँकेत आरडी (दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकायची ठेव), १०० पासून होते. पोस्टाची पण १०० पासूनच, पण ती पाच वर्षांची, तेवढा दम असेल तरच.