श्वसन डोळ्यांनी कसे पाहावे: पानाचा चुना, मोडाची मटकी आणि ठाण्याची खाडी

श्वासोच्छ्वास आणि श्वसन हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो, आणि माझ्या मते मुलांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. छातीचा भाता हलतो तो श्वासोच्छ्वास; आत गेलेला ऑक्सिजन रक्तावाटे पेशींपर्यंत पोहोचतो, तेथील तंतुकणिकांच्या (पेशीतल्या ऊर्जा मोकळी करणाऱ्या सूक्ष्म भागांच्या) मदतीने ग्लुकोजचे विघटन पूर्ण होऊन ऊर्जा मोकळी होते आणि कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते, ते पेशींतले श्वसन. छाती नसलेल्या मटकीतही हेच चालते आणि ते घरी दाखवता येते.

त्यासाठी आदल्या रात्री चुन्याची निवळी करावी. पानटपरीवरचा साधा पांढरा चुना चमचाभर घेऊन अर्धा लिटर पाण्यात ढवळावा, बाटलीचे झाकण घट्ट लावावे आणि सकाळी गाळ न हलवता वरचे नितळ पाणी ओतून घ्यावे. बाटली उघडी राहिली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे वर पांढरी साय धरते. चुना डोळ्यांना घातक असल्याने हे काम मोठ्यांनीच करावे.

आता दोन पेल्यांत निवळी घ्यावी. एकीत स्ट्रॉने हळूहळू फुंकावे, ओढू मात्र नये. दुसरीत सायकलच्या पंपाने खोलीतली हवा सोडावी. पहिली लवकरच दुधाळ होते, दुसरी बराच वेळ नितळ राहते, कारण आत घेतलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के असतो, तर उच्छ्वासात सुमारे ४ टक्के; ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून साधारण १६ वर येतो. हा दुधाळपणा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. फार वेळ फुंकल्यास त्याचे विद्राव्य बायकार्बोनेट होऊन पाणी पुन्हा नितळ होते, तेव्हा वेळीच थांबावे.

खरी गंमत मटकीची. रात्रभर फडक्यात घट्ट बांधलेली मोडाची मटकी मुठीत धरली, तर ती किंचित कोमट लागते. श्वसनात मोकळी होणारी सगळी ऊर्जा मोडाच्या कामी येत नाही, काही उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. एका घट्ट झाकणाच्या बरणीत अशी मटकी, दुसरीत तितकीच पण उकडून गार केलेली मटकी ठेवावी आणि दोन्हींत निवळीची एकेक लहान वाटी ठेवून झाकणे लावावीत. सकाळी पहिल्या वाटीत पांढरा थर दिसतो, दुसरीत फार तर पातळशी साय. बारा तासांहून अधिक थांबू नये, कारण ठाण्याच्या दमट हवेत उकडलेली मटकी आंबू लागते आणि तिच्यावरचे सूक्ष्मजीवही कार्बन डायऑक्साइड सोडतात.

तिसऱ्या बरणीत दिवसा ताजी मेथी आणि निवळीची वाटी ठेवून झाकण लावावे व बरणीभोवती काळे फडके गुंडाळावे; याही निवळीत पांढरा थर येतो. हिरव्या पानांचे श्वसन दिवसरात्र चालू असते. उजेडात प्रकाशसंश्लेषण त्याहून जोरात चालते म्हणून ते लपून राहते, इतकेच. ‘झाडे रात्रीच श्वसन करतात’ हा समज या एका बरणीने दूर होतो.

यानंतर ओहोटीची वेळ पाहून मुलांना खाडीकाठी, ऐरोलीच्या बाजूला न्यावे. पाण्याने भरलेल्या चिखलात ऑक्सिजन फार हळू झिरपतो, म्हणून तिवर या खारफुटीच्या झाडाची श्वास घेणारी मुळे पेन्सिली रोवल्यासारखी चिखलातून वर येतात आणि सालीवरच्या सूक्ष्म छिद्रांतून हवा घेऊन ती गाडलेल्या मुळांपर्यंत पोहोचवतात. त्यांवर पाय देऊ नये. तिथेच निवटी हा मासा चिखलावर उड्या मारताना दिसतो. बहुतेक मासे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कल्ल्यांनी घेतात आणि पाण्याबाहेर त्यांचे कल्ले एकमेकांना चिकटून निकामी होतात. निवटी मात्र कल्ल्यांच्या पोकळीत पाणी साठवते, शिवाय ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातूनही ऑक्सिजन घेते. थोडा वेळ स्थिर उभे राहिल्यास ती मधूनच कुशीवर लोळून अंग ओले करून घेताना दिसते.