कॅम्परव्हॅन घेण्याआधी जागा बघा

ब्रिटनमध्ये नव्याने स्थायिक झालेली मराठी कुटुंबे कॅम्परव्हॅनविषयी, म्हणजे आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीविषयी, विचारायला येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: गाडी कोणती घ्यावी? त्याचे उत्तर मी मुद्दाम पुढे ढकलते आणि गाडी उभी कुठे करणार, हे आधी विचारते. नोकरी आणि मुलांच्या शाळा सांभाळून फिरणाऱ्यांची व्हॅन वर्षातले बहुतेक दिवस उभीच असते. इथली थंडी, ओल, चोऱ्या आणि घराच्या कागदपत्रांतली कलमे या सगळ्यांशी तिची गाठ पडते ती ती उभी असतानाच. जागेचा प्रश्न सुटला की कोणती गाडी घ्यायची याचे अर्धे उत्तर आपोआप मिळते, कारण जागेची लांबी आणि फाटकाची उंची पुष्कळशी मॉडेल्स यादीतून बाद करते.

घरापुढचा ड्राइव्हवे हा सर्वांत स्वस्त पर्याय खरा, पण तो आपल्या मालकीचा आहे एवढ्यावर विसंबू नका. अलीकडच्या वसाहतींमध्ये बिल्डरने मालकीपत्रातच काही अटी घातलेल्या असतात. त्यांना इथे कव्हेनंट म्हणतात, आणि घरासमोर कॅरॅव्हॅन, मोटरहोम, बोट किंवा व्यावसायिक वाहन उभे करू नये, ही त्यांतली नेहमीची अट आहे. घर घेताना सॉलिसिटरने पाठवलेल्या जाडजूड कागदपत्रांत ती असते आणि घाईत वाचायची राहून जाते. कागद हाताशी नसतील तर लँड रजिस्ट्रीकडून आपल्या घराच्या नोंदीची प्रत थोडे शुल्क भरून मागवता येते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी करारनामा पाहावा आणि घरमालकाची परवानगी लेखी घ्यावी. अट नसली, पण गाडीमुळे शेजाऱ्यांच्या खिडकीतला उजेड अडणार असेल, तरी गाडी येण्याआधी त्यांच्याशी बोलून घ्यावे. इथे तोंडावर नापसंती क्वचितच बोलून दाखवली जाते आणि तक्रार थेट कौन्सिलकडे गेल्यावरच आपल्याला कळते.

रस्त्यावर गाडी उभी करणे बेकायदा नाही, मात्र रोड टॅक्स, विमा आणि एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) चालू असले पाहिजेत आणि त्या रस्त्यावर कौन्सिलचे निर्बंध नसावेत. हिवाळ्यात गाडी वापरणार नसाल तर डीव्हीएलए या वाहन नोंदणी कार्यालयाकडे 'सॉर्न' म्हणजे गाडी रस्त्यावरून काढून ठेवल्याची नोंद करता येते आणि उरलेल्या पूर्ण महिन्यांचा कर परत मिळतो. पण सॉर्न केलेली गाडी खाजगी जागेतच असावी लागते, सार्वजनिक रस्त्यावर तिला क्षणभरही उभे करता येत नाही, आणि आधी वेळ ठरवलेल्या एमओटी तपासणीला नेण्यापुरतीच ती चालवता येते. सॉर्न असताना विम्याची कायदेशीर सक्ती नसते, म्हणून काहीजण तोही बंद करतात. माझ्या मते ही काटकसर करू नये, कारण चोरी नेमकी अशा न हलणाऱ्या गाड्यांचीच होते.

यानंतर उरतो भाड्याच्या स्टोरेजचा पर्याय. शहराबाहेरचे कित्येक शेतकरी आपल्या आवारात किंवा रिकाम्या गोठ्यात व्हॅन ठेवायला जागा देतात आणि खास त्यासाठी उभारलेली स्टोरेज केंद्रेही आहेत. अशा जागांच्या मालकांची 'कॅसोआ' नावाची संघटना त्यांना सुरक्षेनुसार ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा श्रेणी देते आणि कित्येक विमा कंपन्या हप्ता ठरवताना ही श्रेणी विचारात घेतात. त्यामुळे पैसे भरण्याआधी विमा कंपनीला फोन करून तो पत्ता त्यांना चालतो का, हे विचारून घ्यावे. जागा पाहायला स्वतः जा आणि शक्यतो पाऊस पडून गेल्यावर जा. नुसत्या गवतावर उभी केलेली जड गाडी फेब्रुवारीत चिखलात रुतते, म्हणून खाली खडी किंवा काँक्रीट हवे. फाटक रात्री कोण बंद करते, आवारात कोणी राहते का, पहाटे निघायचे असेल तर चावी मिळते का आणि गॅसची टाकी काढून ठेवावी लागते का, हे सारे तिथेच विचारून घ्यावे. लंडनकरांसाठी आणखी एक हिशेब आहे. २९ ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून दिवसाचे शुल्क घेणारे क्षेत्र, लंडनच्या सर्व बरोंमध्ये (प्रशासकीय विभागांत) लागू आहे, आणि गाडी युरो ६ या प्रदूषण मानकाच्या आधीची डिझेल असेल तर त्या हद्दीत चालवलेल्या प्रत्येक दिवसाला १२.५० पौंड पडतात. अशी गाडी घेणार असाल तर स्टोरेज हद्दीबाहेर शोधणे शहाणपणाचे ठरेल.

आता ज्या कामाकडे आपल्या लोकांचे सर्वांत कमी लक्ष असते ते, म्हणजे गाडी हिवाळ्यासाठी निजवणे. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला पाणी गोठून नळ फुटतो ही गोष्ट ऐकून माहीत असते, पण ती अंगवळणी पडलेली नसते. ऑक्टोबर सरत आला की स्वच्छ पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी आणि बॉयलर पूर्ण रिकामे करावेत, सगळे नळ उघडे ठेवावेत, शॉवरचा दांडा खाली सोडावा आणि पंपात अडकलेले पाणीही काढावे. ट्रूमा कंपनीच्या अनेक हीटरांना एक छोटी झडप असते. आतले तापमान साधारण ३ अंशांपर्यंत उतरले की ती आपसूक उघडते आणि बॉयलरचे पाणी गाडीखाली सोडून देते. खाली धार लागलेली पाहून नवे मालक गळती समजून मेकॅनिककडे धावतात, पण झडप तिचे कामच करत असते. गाडी ऊबदार झाल्यावर झडप हाताने पुन्हा बंद करायची, एवढेच.

ओल हा याहून चिवट शत्रू आहे. गाद्या शक्यतो घरी आणाव्यात, नाही तर उभ्या करून ठेवाव्यात, म्हणजे मागून हवा खेळते. कपाटांची दारे किलकिली ठेवावीत, आणि फ्रिजच्या दाराला त्यासाठी वेगळी खिट्टी असते ती वापरावी. वर उचलायच्या छपराचे कापड ओले असताना मिटून घरी यावे लागले, तर पुढच्या एक-दोन दिवसांत ते उघडून वाळवलेच पाहिजे; बुरशीचे काळे ठिपके एकदा धरले की जात नाहीत. खाण्याचा कणही आत राहू देऊ नये. बंद व्हॅनमध्ये विसरलेली भडंगाची पिशवी किंवा बेसनाचा डबा उंदरांना बरोबर सापडतो आणि नंतर ते वायरींनाही सोडत नाहीत. घरगुती वापराची जी स्वतंत्र १२ व्होल्टची बॅटरी असते, तिला लेझर (leisure) बॅटरी म्हणतात. ती साध्या लेड-ॲसिड प्रकारची असेल तर पूर्ण भरलेली असताना सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते, आणि १२.२ च्या खाली गेली म्हणजे निम्म्याहून अधिक रिकामी झाली. अलार्म आणि ट्रॅकर बॅटरीतून सतत थोडी वीज खेचत असल्याने छपरावर सोलर पॅनल नसेल तर महिन्यातून एकदा चार्जर लावावा. हँडब्रेक ओढून महिनोन्महिने ठेवल्यास ब्रेक धरून बसतात, म्हणून सपाट जागेत गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावावेत, आणि अधूनमधून थोडी पुढेमागे करावी, म्हणजे टायर एकाच ठिकाणी चपटे होत नाहीत. टायर झिजलेले नसले तरी वयाने खराब होतात. बाजूला कोरलेले शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे.

शब्दांची ओळख गाडी पाहायला जाण्याआधीच करून घ्यावी, कारण विक्रेता ते गृहीत धरूनच बोलतो. महाराष्ट्र शासनाच्या २०२१ च्या कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणामुळे तो शब्द आपल्याकडे सरसकट वापरला जातो, पण ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅन म्हणजे कारच्या मागे ओढायचे घर. स्वतःचे इंजिन असलेली आणि मूळ व्हॅनच्या पत्र्यातच बसवलेली ती कॅम्परव्हॅन. चालकाच्या केबिनमागे वेगळी खोली बांधलेली ती कोचबिल्ट मोटरहोम. छप्पर वर उचलले जात असेल तर पॉप-टॉप, कायमचे उंच असेल तर हाय-टॉप. हा फरक जागेच्या दृष्टीने मोठा आहे, कारण फोक्सवॅगन कॅलिफोर्नियासारखी पॉप-टॉप गाडी छप्पर मिटल्यावर दोन मीटरच्या किंचित आतच असते आणि कारपार्कच्या २.१ मीटरच्या आडव्या दांड्याखालून जाते, तर हाय-टॉप जात नाही. बाक उलगडून होणाऱ्या पलंगाला रॉक-अँड-रोल बेड म्हणतात. जुन्या फोक्सवॅगनवाल्यांत 'स्प्लिटी' म्हणजे १९६७ पर्यंतची दुभंगलेल्या काचेची गाडी, 'बे' म्हणजे तिच्यानंतरची, आणि जगभर टी-३ म्हणतात तिला इथे टी-२५ म्हणतात. सुटे भाग मागवताना हे नीट माहीत असावे.

वजनाच्या संज्ञा मात्र घोकूनच ठेवाव्यात. 'मिरो' म्हणजे गाडीचे वापरायोग्य स्थितीतले वजन, 'एमटीपीएलएम' म्हणजे कंपनीने ठरवलेली भारासहित कमाल मर्यादा, आणि या दोहोंतला फरक म्हणजे पेलोड, ज्यात माणसे, पाणी, सायकली, तंबू आणि प्रेशर कुकर सगळे बसवायचे असते. पाण्याची शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो. साध्या बी वर्गाच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचीच पेट्रोल किंवा डिझेल गाडी चालवता येते; १ जानेवारी १९९७ पूर्वी इथे परीक्षा दिलेल्यांना मिळालेली ७.५ टनांची सवलत तुम्हाला मिळणार नाही. भारतीय परवाना इथे रहिवासी झाल्यापासून १२ महिने चालतो आणि तो थेट बदलून मिळत नाही, म्हणून लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा आधी उरकावी. ती ऑटोमॅटिक गाडीवर दिली तर मॅन्युअल व्हॅन चालवता येणार नाही, आणि जुन्या व्हॅन बहुतेक मॅन्युअलच असतात.

मुक्कामाच्या जागांपैकी नवख्यांना मी सीएल आणि सीएस सुचवते. सीएल कॅरॅव्हॅन अँड मोटरहोम क्लबच्या सभासदांसाठी असतात, तर सीएस कॅम्पिंग अँड कॅरॅव्हॅनिंग क्लबच्या. शेताच्या कडेला एका वेळी फक्त पाच गाड्या, त्यामुळे शांतता मिळते. तिथे आणि मोठ्या साइटवरही दोन गाड्यांमध्ये सहा मीटर अंतर ठेवतात. ते आगीच्या भीतीने ठरवलेले आहे, म्हणून दोन मराठी कुटुंबे एकत्र गेली तरी गाड्या खेटून लावू नयेत. दुसऱ्याच्या पिचमधून, म्हणजे त्याला नेमून दिलेल्या जागेतून, आडवे चालत जाऊ नये, मुलांनाही हे आधीच सांगून ठेवावे. रात्री साडेदहा-अकरानंतर गप्पांचा आवाज कापडी भिंतींतून शेजारच्यांना शब्दन् शब्द ऐकू जातो.

विजेच्या जोडणीला हुक-अप म्हणतात. निळ्या तीन पिनांची वायर आधी गाडीला आणि मग खांबाला जोडायची, काढताना आधी खांबाकडून, आणि गुंडाळी पूर्ण सोडायची, नाही तर वायर तापते. मोठ्या साइटवर १६ अँपिअर, म्हणजे सुमारे ३,६८० वॅट मिळतात, पण छोट्या ठिकाणी १० किंवा ६ अँपिअरच असतात. घरातली ३,००० वॅटची किटली तिथे लावली की फ्यूज उडतो आणि मालकाला जेवणावरून उठावे लागते. सांडपाणी त्याच्या ठरलेल्या जाळीतच ओतावे, आणि त्याआधी भात-डाळ गाळून घ्यावी. टॉयलेटची कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी मैल्याची टाकी, फक्त एल्सन पॉइंटवर, म्हणजे त्यासाठीच केलेल्या जागी, रिकामी करावी, आणि तिथला नळ कॅसेट धुण्यासाठी असतो, त्याचे पाणी पिण्यासाठी कधीही भरू नये.

रस्त्याकडेला कुठेही रात्र काढता येते, विशेषतः स्कॉटलंडमध्ये, असा समज आपल्या मंडळींत पक्का आहे. २००३ च्या स्कॉटलंडच्या जमीन सुधारणा कायद्याने मोकळ्या माळावर फिरण्याचा आणि तंबू ठोकण्याचा हक्क दिला आहे, पण तो मोटारगाड्यांना लागू नाही. लॉक लोमंड परिसरात मार्च ते सप्टेंबर ठराविक पट्ट्यांत मुक्कामाला परवाना लागतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये जमीनमालकाची परवानगी हवीच. हायलँड्समधल्या एकेरी रस्त्यांवरची 'पासिंग प्लेस' समोरून येणाऱ्यांना वाट देण्यासाठी आणि मागच्यांना पुढे जाऊ देण्यासाठी असते. तिथे चहा करायला थांबले की डॉक्टर, टपाल आणि शाळेची बस अडते, आणि तिथल्या रहिवाशांची आपल्यावरची नाराजी पुष्कळशी यातूनच आली आहे.

मालकांच्या गटांत वावरताना याच कारणाने एक पथ्य कटाक्षाने पाळले जाते. मुक्कामाच्या एखाद्या शांत कोपऱ्याचे अचूक ठिकाण फोटोसह सर्वांसाठी टाकू नये. कोणी खाजगीत विचारले तर जरूर सांगावे. प्रश्न विचारताना गाडीचे वर्ष, मॉडेल, लांबी आणि हीटर किंवा बॅटरीचा प्रकार लिहावा, शक्य असेल तर बिघडलेल्या भागावरच्या लेबलचा फोटो जोडावा, म्हणजे चाळीस वर्षे या गाड्या सांभाळणारी माणसे नेमके उत्तर देतात. उत्तरांतून दोष सापडला की तो कशाने गेला, हे त्याच ठिकाणी दोन ओळींत लिहावे. पुढच्या हिवाळ्यात तीच गाडी असलेला कोणी ते शोधत येणार असतो.