दुकानातला मेनू: घरगुती टीव्ही की कमर्शियल डिस्प्ले?
आमच्या मिसळीच्या दुकानात काचेजवळ घरगुती टीव्हीवर मेनू दाखवायचो. दुपारी उजेड वाढला की दर दिसेनासे व्हायचे. लाइट जाऊन आली की टीव्ही स्टँडबायवरच, मग ऐन गर्दीत रिमोट शोधा! वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरांत ‘फक्त घरगुती वापरासाठी’.

तिथे आता कमर्शियल डिस्प्ले, म्हणजे दुकान-ऑफिसात वापरण्यासाठी बनवलेला स्क्रीन, लावलाय. घरगुती टीव्ही साधारण 250-300 निट्सचा (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप), हा 500चा. रोज 16 तास चालवायला बनवलेला, उभाही टांगता येतो. सेटिंगमध्ये वीज येताच चालू व्हायचा पर्याय निवडला; आता पेनड्राइव्हवरचा मेनू आपोआप लागतो. फार सुटल्यासारखं वाटलं. थेट ऊन पडत असेल तर मात्र 500 निट्सही पुरत नाहीत.

जुना टीव्ही गल्ल्यामागे सावलीत टांगलाय. तिथे तो उत्तम चालतो. अशा जागी जास्तीचे पैसे घालू नका.