जुना वाडा पर्यावरणस्नेही करण्याआधी : एका वर्षाची तयारी

पुण्याच्या पेठांमधला एखादा शंभर-दीडशे वर्षांचा वाडा कमी विजेवर आणि कमी पाण्यावर चालावा असे मालकांच्या मनात आले, की पहिला फोन बहुधा सौर पॅनेल बसवणाऱ्याला जातो. माझ्या मते तो फोन सर्वांत शेवटी करावा. चौक, ओसरी, जाड भिंती आणि आड यांच्या रूपाने ऊन आणि पाणी हाताळण्याची सोय वाड्याच्या बांधणीतच होती. मधल्या काळात जी बुजवली गेली ती मोकळी केल्याशिवाय वाड्याला वीज किती लागेल याचा हिशेबच मांडता येत नाही. म्हणून प्रत्यक्ष कामाआधी एक वर्ष तयारीसाठी राखून ठेवावे आणि त्यात एक पूर्ण उन्हाळा व एक पूर्ण पावसाळा येईल असे पाहावे.

आधी कागदपत्रे. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का आणि असल्यास कोणत्या श्रेणीत, हे लेखी मिळवावे, कारण पहिल्या श्रेणीच्या वास्तूत बदलांना फारच थोडा वाव असतो आणि तिसऱ्या श्रेणीत तो त्या मानाने बराच असतो. वाडा शनिवारवाड्यासारख्या केंद्रसंरक्षित स्मारकाजवळ असेल, तर २०१० च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्यानुसार पहिले १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरते, आणि तेथे दुरुस्तीसाठीही सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी काढावी लागते. भाऊबंद आणि भाडेकरू यांची संमतीही याच टप्प्यावर लेखी घ्यावी. एका खोलीतल्या माणसाने नाही म्हटले तर अख्खा जिना तसाच राहतो.

उन्हाळ्यात माजघर, ओसरी आणि माडी या तीन ठिकाणी साधे तापमापक टांगून सकाळ, दुपार आणि रात्रीची नोंद रोज वहीत करावी. माडी रात्रीही तापलेली राहत असेल, तर छपरावर कौलांच्या जागी नंतर पत्रे आले आहेत का, चौकावर कोणी प्लास्टिकचे छत घातले आहे का आणि भिंतीतले उंच झरोके विटांनी बंद केले आहेत का, ते तपासावे. चौक वरून उघडा असला की गरम हवा तेथून वर निघून जाते आणि ओसरीवरून गार हवा आत ओढली जाते. तोच झाकला तर वातानुकूलन यंत्राची गरज आपणच निर्माण करतो. पत्रे सिमेंटचे आणि जुने असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ते फोडू नयेत आणि काढण्याचे काम जाणकाराकडेच सोपवावे.

पावसाळ्यात फक्त पाहत राहावे, हे सांगायला सोपे आणि पाळायला फार अवघड आहे. कोणत्या कौलाखाली थेंब येतो, कोणता पन्हळ तुंबतो, जोत्यापासून किती उंचीपर्यंत ओल चढते, हे खडूने खुणा करून आणि तारीख घालून टिपावे. वासे व तुळयांची टोके भिंतीत जिथे शिरतात तिथे वाळवी आणि कूज बहुधा सुरू होते. ती टोके सुताराकडून टोचून पाहावीत आणि त्याचा अहवाल जपून ठेवावा, पुढे त्याचा उपयोग आहे.

ओल दिसली की सिमेंटचा गिलावा करण्याचा सल्ला हमखास मिळतो, आणि बहुतेक वाड्यांचे खरे नुकसान तिथेच होते. माती, वीट आणि चुन्याची भिंत आतली ओल पृष्ठभागावाटे सोडत असते; सिमेंटने ती वाट बंद झाली की पाणी आतच राहते, वर चढते आणि अखेरीस लाकडापर्यंत पोचते. पर्यावरणाच्या हिशेबातही चुना उजवा ठरतो. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली जाते, तर सिमेंटच्या क्लिंकरला (दळून सिमेंट करतात त्या भाजलेल्या खड्यांना) सुमारे १,४५० अंश लागतात, आणि चुना घट्ट होताना हवेतला काही कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषून घेतो. मात्र चुना आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नये. चांगल्या प्रतीचा कळीचा, म्हणजे भाजलेला पण न भिजवलेला, चुना पावसाळ्याआधीच आणून, डोळे आणि हात सांभाळून भिजवावा आणि हौदात पाण्याखाली मुरत ठेवावा. गिलाव्याचे काम दिवाळीनंतर काढावे, कारण पावसात तो वाळत नाही आणि कडक उन्हात तडकतो. सुरखी (भाजलेल्या विटांची पूड), गूळ आणि हिरड्याचे पाणी यांचे प्रमाण जाणणारा गवंडी त्याआधी शोधावा, आणि त्याच्याकडून हातभर भिंतीवर नमुना करून घ्यावा.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर १२० चौरस मीटरच्या छपरावर ८४,००० लिटर पाणी पडते. वीस टक्के गळतीत व उडण्यात गेले तरी ६७,००० लिटर उरते. आड बुजवलेला नसेल तर गाळ काढून त्याचे बांधकाम तपासावे आणि पहिल्या एकदोन सरींचे पाणी सोडून देऊन पुढचे वाळू-खडीतून गाळून आत सोडण्याची योजना आखावी. शोषखड्डा करायचा असल्यास तो जोत्यापासून दूर काढावा.

विजेसाठी बारा महिन्यांची बिले एकत्र ठेवावीत आणि वायरिंग परवानाधारक माणसाकडून तपासून घ्यावे. लाकडी कडीपाटातून गेलेल्या जुन्या तारा आधी बदलाव्यात. साध्या पंख्याला सत्तर-पंचाहत्तर वॅट लागतात, बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित मोटरच्या पंख्याला तीसच्या आसपास.

हे सारे झाल्यावर पॅनेलवाल्याला बोलवावे. एका किलोवॉटला साधारण दहा चौरस मीटर सावलीमुक्त जागा लागते, आणि शेजारी उंच इमारत असेल तर ती दुपारनंतर मिळतेच असे नाही. कौलांवर पॅनेल ठोकण्यापेक्षा मागच्या बाजूला नंतर बांधलेल्या स्वच्छतागृहाचा काँक्रीटचा स्लॅब आहे का ते पाहावे. तो नसेल, तरच सुताराचा तो अहवाल त्याच्यासमोर ठेवून छपरावर किती वजन पेलेल ते लेखी मागावे.