महामार्गात वावर चाललंय? अपील करताना या चुका टाळा

तहसील कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली माझं टेबल आहे. अर्ज, शपथपत्रं, हरकती लिहून देतो. आधी फेरफार आणि वारसनोंदीची कामं जास्त असायची, आता रस्ते, कालवे आणि खाणींचे कागद जास्त येतात. माणूस प्लास्टिकची पिशवी उघडतो. आत सातबारा, आधारची झेरॉक्स, पेपरातलं कात्रण आणि चार घड्या घातलेली नोटीस. मी आधी विचारतो, "पाकीट कुठाय?"

"कोणतं पाकीट जी?"

नोटीस ज्यात आली ते. बहुतेकांनी ते चुलीत घातलेलं असतं. त्यावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून नोटीस केव्हा हाती पडली ते दाखवता येतं, आणि अपिलातली अर्धी भांडणं तिथंच होतात. एका काकूंनी पाकीट जपून ठेवलं होतं, कारण पाठीमागे कापूस वेचणाऱ्या बायांचा हिशेब लिहिला होता. मुदतीचा मुद्दा निघाला तेव्हा तेच पाकीट पुढे केलं. एकीकडं शिक्का, दुसरीकडं "मंदा १८ किलो".

कायदा कोणता ते न पाहता अर्ज ठोकणं

नोटिशीची पहिली ओळ कोणी वाचत नाही. तिथं कायद्याचं नाव असतं आणि तुम्हाला कोणत्या दारात जायचं ते त्यावरून ठरतं.

राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ असेल तर कलम ३-ए ची (जमीन घ्यायचा इरादा सांगणारी) अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत कलम ३-सी खाली हरकत. धरण, कालवा किंवा दुसऱ्या सार्वजनिक कामासाठी २०१३ च्या भूसंपादन कायद्याने जमीन जात असेल तर कलम ११ च्या अधिसूचनेनंतर कलम १५ खाली ६० दिवस. शेजारच्या गावात कोणाला ६० दिवस मिळाले म्हणून आपल्यालाही मिळतील असं धरून बसलेले कास्तकार मी दरवर्षी पाहतो. त्यांचे २१ दिवस सोयाबीन काढता काढता निघून गेलेले असतात. आणि हे हरकतीचे दिवस तुमच्या हातात कागद पडल्यापासून मोजत नाहीत, अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात. तिचा गोषवारा दोन स्थानिक पेपरांत येतो, त्यातला एक मराठी. रस्त्याची आखणी गावाजवळून जाते अशी कुणकुण लागली की पानठेल्यावरचा पेपर मागच्या पानापासून वाचायला लागा.

३-सी च्या हरकतीत भावाबद्दल लिहिणं

ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि माझ्या धंद्यातले लोकही करतात. हरकतीत लिहितात, "आमची जमीन ओलिताची आहे, मोबदला वाढवून मिळावा." पण ३-सी ची हरकत जमीन त्या कामासाठी वापरण्याबद्दल असते. भावाचा विषय तेव्हा निघतच नाही, म्हणून हरकत एका ओळीत फेटाळली जाते.

त्या २१ दिवसांत काय लिहायचं? आखणी तुमच्या विहिरीवरून जाते, दहा मीटर सरकवली तर विहीर वाचते. वावराचे दोन तुकडे होतात आणि पलीकडच्या तुकड्यात बैलबंडी न्यायला वाट राहत नाही. नाल्याचं पाणी भरावामुळे अडेल, तिथं मोरी नकाशात दाखवलेली नाही. असं लिहा आणि सोबत गटाचा नकाशा जोडून त्यावर लाल पेनानं खूण करा. "आमच्यावर अन्याय होत आहे" हे वाक्य मी आता लिहीतच नाही. त्यावर अधिकाऱ्याला निर्णय देता येत नाही. मोरी कुठं हवी यावर देता येतो. सुनावणी मागा. ती मागायचा तुम्हाला हक्क आहे, स्वतः जाता येतं किंवा वकील पाठवता येतो.

त्यानंतर ३-डी (संपादनाची घोषणा) निघतो. तो निघाला की जमीन सरकारजमा. गावात तोवर सगळे निवांत असतात, "थ्री-डी निघाला" म्हटल्यावर धावपळ सुरू होते. तेव्हा आखणीबद्दल बोलायचं तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका, आणि तिथं पहिला प्रश्न हाच असतो की मुदतीत हरकत का नाही घेतली? मोबदल्याची वाट मात्र तेव्हाही उघडी असते: ३-जी खाली ठरलेली रक्कम मान्य नसेल तर केंद्राने नेमलेल्या लवादाकडे अर्ज. लवादाचाही निर्णय पटला नाही तर जिल्हा न्यायालयात तीन महिन्यांच्या आत, फार तर आणखी ३० दिवस. त्यापुढे कारण कितीही खरं असलं तरी उपयोग नाही. महामार्गाच्या मोबदल्यावर दिलासा रक्कम (जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची जादा रक्कम) आणि व्याज देय आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. तुमच्या निवाड्यात, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशात, या दोन्ही ओळी आहेत का ते आधी बघा.

काही न लिहिता चेक घेणं

ही आमच्या घरची चूक. कालव्यात आमचं दीड एकर गेलं, ते जुन्या १८९४ च्या कायद्याखाली. वडील सही करायला गेले, मी सोबत होतो. मी म्हटलं, "बाबा, हरकत कायम ठेवून घेतो असं लिहा." ते म्हणाले, "साहेबाले वाईट वाटंल ना." आणि नाव लिहून मोकळे झाले. निषेध नोंदवून रक्कम घेतली तरच पुढे वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येतो. जुन्या कायद्यात हे होतं आणि २०१३ च्या कायद्यातही कलम ७७ मध्ये तसंच आहे. "निषेध नोंदवून, हक्क राखून रक्कम स्वीकारली" एवढं पावतीवर लिहा, पावतीचा फोटो काढा, आणि त्याच दिवशी वेगळा अर्ज देऊन पोच घ्या. कारकून म्हणेल, इथं जागा नाही. सहीच्या वर लिहा.

आमच्या शेजाऱ्याने तेव्हा अर्ज केला होता. काही वर्षांनी त्याचा निकाल लागला आणि भाव वाढला. अशा निकालाच्या आधारावर ज्यांनी अर्जच केला नव्हता त्यांनाही तीन महिन्यांत वाढ मागता येते, आता तेच कलम ७३ मध्ये आहे. पण आम्हाला तो निकाल कळला एका लग्नाच्या पंगतीत, तीन महिने उलटल्यावर. म्हणून सांगतो, तुमच्याच अधिसूचनेतल्या दुसऱ्या कोणाची केस चालू असेल तर त्याच्या पेशीची (सुनावणीची) तारीख आपल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

२०१३ च्या कायद्याखाली निवाडा झाला असेल तर कलम ६४ चा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचा. ते तो ३० दिवसांत मोबदल्याचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे पाठवतात. न पाठवल्यास तुम्ही थेट प्राधिकरणाकडे जाऊन तसा आदेश मागू शकता. मुदत अशी: निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवडे. नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांत जे आधी संपेल ते. उशिराला सबळ कारण असेल तर पुढे एक वर्षापर्यंत अर्ज घेण्याचा जिल्हाधिकाऱ्यांना अधिकार आहे. तिथंच काकूंचं पाकीट कामी येतं.

ज्यांनी सरळ खरेदीने जमीन दिली त्यांचं गणित वेगळं. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर, आपल्याकडे विदर्भात नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा या जिल्ह्यांतून गेला. तिथं अनेकांनी खरेदीखत करून दिलं. ज्याचा निवाडाच झाला नाही त्याला कलम ६४ कुठून आणणार? म्हणून भावाची घासाघीस खरेदीखताच्या आधी संपवायची.

संयुक्त मोजणीला घरी बसणं

मोजणीवाले येतात तेव्हा धुऱ्यावर उभं राहा. वरुड-मोर्शीकडे संत्र्याची झाडं मोजताना फळावर आलेलं झाड आणि नुकतंच लावलेलं कलमी रोप यांत मोबदल्याचा मोठा फरक पडतो. जमिनीखालची पाइपलाइन कोणाला दिसत नाही, ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवल्या असतील तर त्याही यादीत येत नाहीत. यादीवर सही करण्याआधी एकेक झाड वाचून घ्या. चूक असेल तर तिथंच लिहा. नंतर "झाडं ४० होती" म्हणून अपिलात सांगाल, पण यादीवर २६ असतील आणि खाली तुमचीच सही.

पर्यावरण मंजुरीच्या अपिलात दिवस मोजताना फसणं

वणी, राजुरा भागात खाणीसाठी मंजुरी मिळाली की लोक जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देतात आणि उत्तराची वाट बघतात. निवेदन म्हणजे अपील होत नाही. पर्यावरण मंजुरीविरुद्धचं अपील राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, आपल्यासाठी पुण्याच्या खंडपीठात. मुदत ३० दिवस. पुरेसं कारण दिलं तर आणखी ६०. नव्वदीनंतर न्यायाधिकरणालाही माफी देता येत नाही. नुकसानभरपाई मागत नसाल तर शुल्क १,००० रुपये.

घरी पत्र आलं नाही म्हणून मुदत सुरू झाली नाही, असं समजू नका. कंपनीला मंजुरीची जाहिरात सात दिवसांत दोन पेपरांत द्यावी लागते. ते कात्रण काढून ठेवा. जाहिरात आलीच नसेल, तर तो तुमचा मुद्दा. जनसुनावणीत बोललात तर शेवटी इतिवृत्त वाचून दाखवतात, तोवर थांबा. जेवणाच्या वेळेला लोक उठतात आणि नेमकी त्यांचीच हरकत दोन शब्दांत उरकलेली असते. त्याशिवाय लेखी हरकत द्या, पोच घ्या.

मासिक सभेचा ठराव जोडणं

गडचिरोली, मेळघाट, यवतमाळचा काही भाग, इथं ग्रामसभेचा शब्द वजनदार आहे. अनुसूचित (आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेल्या) क्षेत्रात २०१३ च्या कायद्याने जमीन घ्यायला ग्रामसभेची पूर्वसंमती लागते. पण लोक सरपंच आणि सात सदस्यांच्या सह्यांचा ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचा ठराव घेऊन येतात. ती ग्रामसभा नाही. वनहक्काच्या विषयात तर निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. हजेरीपुस्तकाचं प्रत्येक पान झेरॉक्स करून लावा, अंगठ्यांसमोर नावं लिहा.

अपील टाकलं की काम थांबेल असं समजणं

थांबत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो, अपिलासोबतच, आणि पहिल्याच पेशीला त्यावर बोलायला लावायचं. काम सुरू असल्याचे तारखेसह फोटो जोडा. परवा एक दादा आले, अपील मुदतीत, शुल्क भरलेलं, कागद चोख. स्थगिती मागितलेलीच नव्हती. आम्ही अर्ज लिहीत बसलो होतो आणि त्यांच्या मुलाचा फोन आला: पोकलेन धुऱ्यावर उभी आहे.